मुसळ, मॅरेथॉन आणि उतारवयातली ताकद



मागच्या पर्युषणात सासूबाई मंदिरात गवासनात नमस्काराला बसल्या आणि त्यांना उठताच येईना. आम्ही दोघींनी धरून उठवलं. घरी आल्यावर म्हणाल्या, “पुढच्या वर्षीपासून मी खुर्चीवरूनच दर्शन घेईन गं.” मला ते फार लागलं. याच बाईंनी लग्न होऊन इंदापुरात आल्यावर पहाटे उठून पायली पायली जोंधळा दळलेला. मग ती ताकद गेली कुठे?

जुन्या घरात ताकद राखणाऱ्या दोन वस्तू होत्या. जात्याला लागायचा सावकाश, सलग जोर. मुसळाचं वेगळं. ते उचलायचं आणि झपकन खाली आणायचं. व्यायामशास्त्रातही असे दोन शब्द आहेत. किती वजन पेलता ती स्ट्रेंथ, आणि तो जोर किती झटकन लावता ती पॉवर. पुढे विजेची गिरणी आली, मिक्सर आला, नळ आला. जातं गेल्याचं मला दुःख नाही. त्याने बायकांची झोप खाल्ली. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांत ते कष्ट ऐकू येतात. पण कष्टांबरोबर जोर लावायची सवयही गेली, आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही.

वय झालं की बाईने जपून राहावं, असंच सगळे सांगत आले. १९९० साली बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वदीच्या १० जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. नऊ जणांनी ते पुरं केलं, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २००२ साली रॉजर फील्डिंग यांच्या गटाने सत्तरीच्या पुढच्या ३० बायकांवर प्रयोग केला. व्यायाम सारखाच, पण निम्म्या जणींनी वजन जमेल तितक्या वेगाने ढकलायचं. सोळा आठवड्यांनी ताकद दोन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली. पायांची पॉवर मात्र वेगवान गटात ९७ टक्के वाढली, सावकाश गटात ४५. वयाबरोबर पॉवर ताकदीपेक्षा लवकर उतरते. आणि मोरीत पाय घसरला तर सावरायला क्षणभरच मिळतो, तिथे पॉवरच लागते.

आपल्या बारामतीचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नवऱ्याच्या तपासणीच्या खर्चासाठी शरद मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्या कुठल्या जिममध्ये गेल्या नव्हत्या. शेतमजुरीने पाय घडले होते. गरिबीने त्यांना पळवलं, हे विसरून नुसतं कौतुक करू नये. पण साठीच्या बाईचे पाय काय करू शकतात, हे सगळ्या गावाने पाहिलं.

सासूबाईंचं आम्ही डॉक्टरांना विचारून सुरू केलं. सकाळी सामायिक झालं की भिंतीला टेकवलेली खुर्ची. उठताना झटकन, बसताना सावकाश, दहा वेळा. मग ओट्याला धरून टाचा झपकन उचलायच्या. सुरुवातीला पाचच जमायचे. “म्हातारपणी काय हा तमाशा!” म्हणत रुसायच्याही. रक्तदाब, ठिसूळ हाडं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन असेल त्यांनी मात्र विचारल्याशिवाय करू नये.

यंदाच्या पर्युषणात त्या गवासनात बसल्या. खांबावर एक हात ठेवला आणि उठल्या. आम्ही दोघी मागे तयार होतो, पण गरज पडली नाही.

आज तुमच्या घरच्या आजींना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगून बघा. आणि एकदा स्वतःही उठून बघा.