कांदेनवमी ते कॅन्टीन : चाकण-पिंपरीच्या ताटातील ऋतूंचा इतिहास

१/
आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, भरले कांदे असा बेत होतो. दोनच दिवसांनी आषाढी एकादशी येते, चातुर्मास लागतो आणि तो पाळणाऱ्या घरांतून कांदा, लसूण व वांगे चार महिन्यांसाठी बाहेर जातात. आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे चाकण त्याआधी कांद्याची बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध होते. या सणाचा अर्थ तेथूनच चांगला कळतो.

२/
उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखात निघतो आणि वखारीत भरला जातो. मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आली की त्याला कोंब फुटतात, तो सडू लागतो. खरिपाचा नवा कांदा यायला दिवाळी उजाडते. धर्माने कांदा तामसी म्हणून वर्ज्य केला खरा. पण वखारीचा हिशेबही साधारण त्याच तिथीला येऊन थांबत होता. खराब होण्याआधी मनसोक्त खावे, मग उरलेला जपावा.

३/
ऋतुमानानुसार आहाराची चर्चा आज बहुधा आरोग्याच्या अंगाने होते. चरकसंहितेत ऋतुचर्येवर स्वतंत्र अध्याय आहे, हेही खरे. मात्र खेड आणि मावळ तालुक्यांतील सामान्य कुटुंबाचे ताट ठरवणारी सत्ता ग्रंथात नव्हती. ती घरातल्या कणगीत होती : काय पिकले, किती उरले आणि बियाण्यासाठी काय राखायचे.

४/
हा प्रदेश दोन पर्जन्यमानांच्या मध्ये वसलेला आहे. पश्चिमेस मावळात मुसळधार पाऊस आणि भात. पूर्वेकडे सरकावे तसा पाऊस कमी होतो आणि बाजरी-ज्वारी सुरू होते. अवघ्या काही कोसांत भाताचे ताट भाकरीचे होते. चिंचवड, आकुर्डी, भोसरी, चाकण ही गावे याच संक्रमणपट्ट्यातली.

५/
वर्षाची मांडणी अशी. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा. बाजरी नुकतीच घरात आलेली असते आणि चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे याच दिवशी पुन्हा ताटात येते. खेड तालुक्यातील निमगावचा खंडोबा प्रसिद्धच आहे. आकुर्डीच्या खंडोबा माळावरही त्याचे ठाणे आहे. कारखान्यांच्या शेजारी ते आजही उभे आहे.

६/
पौषात भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, वांगे, गाजर, बोरे यांची मिसळीची भाजी. ही एक भाजी म्हणजे त्या पंधरवड्यात शिवारात काय काय मिळते याची यादीच होय. त्याच सुमारास ज्वारीचा हुरडा. मग रब्बीची ज्वारी, आणि वैशाखाच्या उन्हात कुरडया, सांडगे, पापड यांचे वाळवण. हे सारे काम स्त्रियांचे. उन्हाळ्यातला त्यांचा घाम पावसाळ्यात कालवणाच्या रूपाने ताटात येई.

७/
पावसाळ्यात शेत हिरवे असते, पण खाण्याजोगे पीक हाती नसते. १६६० साली शाइस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला ऐन पावसाळ्यात वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा यांनी सुमारे दोन महिने किल्ला लढवला. अशा वेळी भिस्त आधी भरून ठेवलेल्या बेगमीवरच असते. किल्ल्याचा हा नियम घरालाही लागू होता.

८/
म्हणून आषाढ-श्रावणात रानभाज्यांचे महत्त्व. टाकळा, कुरडू, तांदुळजा, घोळ, भारंगी. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाशिवाय उगवलेले खाण्याची रीत याच काळातली. सणाने तिला प्रतिष्ठा दिली. पण ज्यांच्या कणगीचा तळ दिसू लागला होता, त्यांना हा पाला रोजच खावा लागे. श्रावणातील उपवास एका घरात व्रत होते, दुसऱ्या घरात तीच परिस्थिती होती.

९/
त्या परिस्थितीची किंमत सावकार वसूल करी. पावसाळ्यात उसने घेतलेले धान्य सुगीला सवाईने किंवा दिढीने परतावे लागे, म्हणजे मणाला सव्वा किंवा दीड मण. कर्जाच्या या साचलेल्या ओझ्यातूनच १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे पेटले आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक कर्जनिवारण कायदा आला. ऋतूनुसार खाण्याच्या गोड आठवणींत हे पान सहसा गाळले जाते.

१०/
मग कारखाने आले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि या माळरानांवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९८२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेली होती.

११/
१९७२ च्या दुष्काळाने राज्यातील कित्येक गावांचे जुने गणितच मोडले. कणगीत धान्य नव्हते. खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळाली. त्यानंतरच्या दशकांत मराठवाड्यातून आणि इतर कोरडवाहू भागांतून अनेक कुटुंबे पिंपरी-चिंचवडला आली. ऋतूंनी दगा दिलेल्या माणसांना ऋतूंवर न चालणारी मिळकत हवी होती.

१२/
ती त्यांना मिळाली. पगार महिन्याला येतो. त्याला आषाढ आणि मार्गशीर्ष सारखेच. वर्षाच्या बेगमीची जागा महिन्याच्या किराणा यादीने घेतली. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४६ नुसार अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना उपाहारगृह चालवण्यास सांगता येत असे. तिथला बेत आठवड्याच्या वारांनी ठरतो, तिथीने नव्हे. तिसऱ्या पाळीच्या कामगाराला तर दिवसरात्रीचाही हिशेब नवा शिकावा लागला.

१३/
हा केवळ ऱ्हास म्हणता येणार नाही. पावसाळ्यात सावकाराच्या दारी न जाणे, हा मोठाच लाभ होता. मात्र ज्यांच्या जमिनीवर आणि पाण्यावर हे स्थैर्य उभे राहिले, त्यांचे काय, हा प्रश्न राहिलाच. मोशी-चिखलीची शिवारे शहरात गेली. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा प्रकल्प चाकणला सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, आणि कांद्याच्या गावाभोवतीची शेती वेगाने आक्रसू लागली.

१४/
पाण्याचा प्रश्न रक्तरंजित ठरला. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी, ऐन श्रावणात, बऊर येथे द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. नळाला बारमाही पाणी हवे असलेले शहर आणि नदीच्या पाण्यावर जगणारे शिवार यांच्यातील ताण त्या दिवशी उघडा झाला.

१५/
तरीही तुटलेला धागा काही ठिकाणी जोडला गेला. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी हा भात विकसित केला. तो १९८७ मध्ये प्रसारित झाला. सुवास आंबेमोहराच्या वळणाचा, उत्पादन अधिक. शहरातील असंख्य घरांत नव्या तांदळाची चाहूल आज याच भाताने लागते.

१६/
आता चक्र उलटे फिरते आहे. राखणदारांचा हुरडा शिवारात तिकीट लावून मिळतो. कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवतो आणि गृहसंकुलांत टाकळ्याच्या जुड्या भाव करून घेतल्या जातात. एके काळी नाइलाजाने खाल्ले गेलेले आज आवडीने निवडले जाते. ही निवड ज्या पगारामुळे शक्य झाली, तो पगार याच पट्ट्यातील कारखान्यांनी दिला.

१७/
चाकणच्या आवारात कांद्याच्या गोण्या आजही उतरतात आणि त्याच रस्त्याने नव्या मोटारी वाहून नेणारे कंटेनर जातात. आषाढ शुद्ध नवमीला दिवसपाळीहून परतलेल्या कामगाराच्या घरी भजी तळली जातात. उद्या कांदा संपेल, ही धास्ती त्या घराला उरलेली नाही. ती धास्ती वखारीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडे मात्र अजून आहे : पाऊस लांबला तर, भाव पडला तर, कांदा सडला तर. ताटातून ऋतू गेले. शिवारातून ते गेलेले नाहीत.