आरशापुढची शपथ

कडाक्याची थंडी आहे. तारीख २७ जानेवारी १८७०, गाव अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं ग्रीनकॅसल. तुम्ही खोलीच्या एका कोपऱ्यात श्वास रोखून उभे आहात. समोर आरसा, आणि आरशापुढे बेटी लॉक.

ती आरशातल्या स्वतःकडे बघत शपथ म्हणते आहे. शब्द तिनं स्वतःच लिहिलेत. दीक्षा द्यायला तिच्या आधीची कुणी नाही, म्हणून तिनं आपल्या प्रतिबिंबालाच साक्षी ठेवलंय. तुम्हाला आधी आरशातला चेहरा दिसतो, मग खरा. दोन्हीकडे तोच ठामपणा. शपथ संपते, बेटी वळते आणि ॲलिस ॲलनला पुढे बोलावते. मग बेटी टिप्टन, मग हॅना फिच. चौघी झाल्या, आणि कॅपा अल्फा थीटा ही विद्यार्थिनींची संघटना जन्माला आली.

हे धाडस किती मोठं होतं, ते इथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. इंडियाना ॲस्बरी विद्यापीठानं (पुढे त्याचंच नाव डीपॉ झालं) मुलींना दार उघडलं ते १८६७ साली. बेटीचे वडील तिथेच गणिताचे प्राध्यापक. तरी वर्गातल्या कितीतरी मुलांना या मुली तिथे नकोच आहेत. मुलांच्या बंधुसंघटना आहेत, त्यांची गुपितं आहेत, कोटावर मिरवायचे बिल्ले आहेत. मुलींना यातलं काहीच नाही.

म्हणूनच फाय गॅमा डेल्टा या बंधुसंघटनेच्या मुलांनी बेटीला त्यांचा बिल्ला लावायला सांगितलं, तो क्षण मला या सगळ्या गोष्टीचं मर्म वाटतो. तिनं विचारलं, सभासद करून घेणार का? नाही. मग बिल्लाही नको. त्याऐवजी मुलांनी तिला केकसाठी चांदीची नक्षीदार टोपली भेट दिली. टोपली सुंदरच असेल. पण हक्क मागितल्यावर हातात भेटवस्तू पडली की काय वाटतं, हे आपल्याकडच्या कितीतरी बायकांना वेगळं सांगायला नको.

मुलींच्या अशा संघटनेसाठीचा ‘सोरॉरिटी’ हा शब्द अजून जन्मायचाय. तो पुढे सिरॅक्यूज विद्यापीठातले लॅटिनचे एक प्राध्यापक घडवतील. या चौघी आपल्या मंडळाला सरळ ‘फ्रॅटर्निटी’च म्हणतात. मुलांचाच शब्द, तितक्याच हक्कानं.

आता दीड महिना पुढे चला. १४ मार्च, विद्यापीठाचं प्रार्थनागृह. बाकांवर कुजबुज चालू आहे. दारातून मुली आत येतात, आणि तुमची नजर बेटीच्या छातीवरच्या बिल्ल्यावर जाते. जरा जवळ जाऊन बघा. पतंगाचा आकार, वर रुंद, खाली निमुळता. काळी मिनाकारी, तिला सोन्याची कड. मधे पांढरा पट्टा आणि त्यावर तीन ग्रीक अक्षरं. काळा आणि सोनेरी हे थीटाचे रंग झाले. पुढे त्याच रंगांचं पँझीचं फूलही आलं. पण आज फूल नाही, गाणं नाही. आहे तो एवढासा पतंग, आणि तो कुणी दिलेला नाही.

कुजबुज थांबते. पुढच्या बाकावरचा एक मुलगा मान वळवून बघतो, मग त्याच्या शेजारचा. बेटी आपल्या जागेवर जाऊन बसते आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडते.