आज पाळी कोणाची?

दसरा झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या चेंबूरच्या बिऱ्हाडी आई येते. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, एक पितळी डबा आणि गावच्या उडदाच्या डाळीचे गाठोडे. आम्ही तिघे भाऊ. थोरले दादा गावी, पांझरेच्या काठी, शेती पाहतात. मधले अण्णा नाशिकला नोकरीला आहेत. आणि मी शेंडेफळ येथे मास्तरकी करतो व उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वडील गेल्यावर आम्ही वर्षाचे तीन सारखे भाग केले. दसऱ्यापासून माघापर्यंत चेंबूर, फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत नाशिक आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंत गाव. कोणावर जास्त भार नको, कोणाची तक्रार नको. असे कोष्टक मांडल्याबद्दल आप्तेष्टांनी आमचे कौतुकही केले.

यंदा आई जिना चढत असताना वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. ते कारखान्यात कामाला आहेत. रातपाळी संपवून झोपाळल्या डोळ्यांनी घरी येत होते. ट्रंकेकडे पाहून म्हणाले, "काय आजी, आता मास्तरांची पाळी वाटतं?"

आई हसली. दिवसभर नातवंडांत रमली. रात्री मी तिच्या अंथरुणापाशी पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो, तेव्हा म्हणाली, "पाळी तुमची रे. माझी कुठली?"

एवढे बोलून ती कुशीवर वळली. मी मात्र जागाच राहिलो.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते शब्दकोश चाळता चाळता. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मोल्सवर्थसाहेबाचा जाडजूड कोश काढून बसलो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. तिकडे उत्तरेत बंडाची धामधूम चालू होती, त्याच वर्षी इकडे मराठी शब्दांचे हे भांडार छापले गेले. मनात आले, या एका शब्दाचा माग तरी काढून पाहावा.

वाचकहो, हा शब्द केवढा संसार करून बसला आहे! कानाची खालची मऊ पाळी, जिच्यात आपण कुडी घालतो, ती पाळी. शेतकरी नांगरटीनंतर कुळव फिरवतो, तीही पाळी. रानाला दोन पाळ्या घातल्या म्हणजे ढेकळे फुटतात. पिकाला पाणी द्यायचे ती पाण्याची पाळी. गिरणीत, कारखान्यात पहिली, दुसरी आणि तिसरी पाळी. देवळात पूजेचा मान भाऊबंदांत वाटलेला असतो, तीही पाळी. स्त्रियांच्या महिन्याच्या धर्मालाही आपण हेच नाव दिले. घरोघरच्या मुलींना ते कुजबुजत सांगितले जाते, एवढेच. आणि कोणावर वाईट प्रसंग आला की आपण म्हणतो, "काय ही पाळी आली!"

याला पोटभाऊही पुष्कळ. तबल्याच्या तालाचे आवर्तन, गणपतीपुढे अथर्वशीर्षाचे आवर्तन, धरणाच्या कालव्यातून सुटते तेही आवर्तनच. विहिरीवरचे रहाटगाडगे आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा हेही त्याच गोत्रातले. माझ्या धाकट्याच्या भूगोलाच्या पुस्तकात 'परिवलन' आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. यांतले परिवलन इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने नावेचा दाखला देऊन सांगितले होते. पुढे जाणाऱ्या नावेत बसलेल्याला काठ मागे जाताना दिसतो, तसेच आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी. सूर्यप्रकाशाची ही पाळी तेवढी कोणी वाटून दिलेली नाही.

आता गंमत पाहा. या सगळ्यांसाठी इंग्रजीत जो 'रोटेशन' शब्द आहे तो लॅटिन 'रोटा' म्हणजे चाक यावरून आला. आपला 'रथ' त्याच कुळातला. पण आपली 'पाळी' चाकातून निघालेली नाही. तिचे मूळ संस्कृत 'पालि', म्हणजे कड किंवा ओळ. चाकाला आरंभ नाही आणि शेवट नाही. ओळीला मात्र पहिला असतो आणि शेवटचाही असतो. शिवाय ओळीबाहेर उभा राहिलेलाही कोणी असतो. पाळीचा सारा इतिहास, मला वाटते, या एका फरकात साठलेला आहे.

आधी आमच्या पांझरेकडचीच गोष्ट सांगतो. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्या पाटाखालचे रान 'फडां'त वाटलेले असते. गावच्या रानाचे तीन किंवा चार फड करायचे आणि एका फडात एका वर्षी एकच पीक घ्यायचे. यंदा या फडात ऊस, तर पुढच्या साली तेथे दुसरे पीक आणि ऊस दुसऱ्या फडात. जमिनीला विसावा मिळतो. शेतकरी याला 'बेवड' म्हणतात. हरभऱ्याचा बेवड असला की पुढचे पीक तरारून येते, हे त्यांना ठाऊक होते. डाळवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे शास्त्रज्ञांनी १८८० नंतरच्या दशकात सिद्ध केले.

पण फडाचे खरे शहाणपण दुसरेच आहे. बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा प्रत्येक फडात असतो. नदीला पाणी कमी आले, तर सगळे मिळून एखादा फड पडीक टाकतात. मग नुकसान एकट्याचे होत नाही, सर्वांचे थोडे थोडे होते. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला असतो. मालकाने स्वतः बारे धरायचे नाही. पाटकऱ्याला सगळे वाफे सारखे. आणि हे नियम कोणा साहेबाने केलेले नाहीत, शेतकऱ्यांनीच बसून ठरवलेले आहेत.

पुढे मोठी धरणे आणि कालवे झाले. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झालेले तरुण इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आरंभीच्या दिवसांत आमच्या पांझरेच्या भागातच काम केले. नंतर दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली. ठराविक गटांत पिकांची फेरपालट करायची आणि पाणी थोडे थोडे पुष्कळ गावांना पोचवायचे, हा तिचा हेतू. आपल्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत आजही 'शेजपाळी' हा गोड शब्द आहे. तिचा दंडक असा की पाणी आधी कालव्याच्या शेपटाकडच्या शेताला द्यायचे आणि मग तोंडाकडे यायचे. ज्याचे रान कालव्याच्या तोंडाशी, त्याला पाणी कसेही मिळते. शेवटच्याला मात्र ते पोचतच नाही. म्हणून ओळ उलटी लावायची! हा दंडक प्रत्यक्षात कितपत पाळला जातो, ते शेपटाकडच्या शेतकऱ्याला विचारावे. पण ज्याने तो प्रथम मांडला त्याला ओळीचा दोष नेमका कळला होता, यात शंका नाही.

आता गावातच, पण शेतातून चावडीवर या. तेथेही पाळी होतीच. पाटीलकी व कुलकर्णीपण ही वतने. घराणे वाढले, भाऊबंद झाले की काम पाळीने चाले. यंदा या घरचा कुलकर्णी दप्तर लिही, नंतर त्या घरचा. ही पाळी म्हणजे मान आणि उत्पन्न. ती आपल्याला मिळावी म्हणून भाऊ भावावर फिर्याद करी, पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालत. इंग्रजांनी १८७४ साली वतनांचा कायदाच केला आणि ही व्यवस्था कागदावर पक्की केली.

त्याच गावच्या वेशीबाहेर महारवाडा होता. तेथेही पाळीच होती. तिला येसकरपाळी म्हणत. कोठे या कामकऱ्याला तराळ म्हणत. ज्या घरावर पाळी येई, त्या घरच्या माणसाने घुंगरांची काठी घेऊन गावचे सांगावे पोचवायचे, सरकारी टपाल पुढच्या गावी न्यायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. ना दिवस, ना रात्र. मोबदला थोडी वतनी जमीन आणि दारोदार फिरून मागितलेली भाकरी. शब्द तोच, कायदाही तोच. पण कुलकर्ण्याच्या घरात पाळी 'मिळे', आणि येथे पाळी 'येई'. क्रियापद बदलले की शब्दाचे सारे भाग्य बदलते, हे मी मुलांना व्याकरण शिकवताना इतकी वर्षे सांगत आलो. त्याचा एवढा जिवंत दाखला मला आधी सुचला नव्हता.

हे वतन म्हणजे मान नसून बेडी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले. १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने गेली; आणि कनिष्ठ ग्रामवतने, ज्यांत महार वतन येते, ती रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडावे लागले. दप्तराची पाळी आधी संपली, काठीची नंतर. आटपाडीच्या एका तराळाचा मुलगा शिकून वकील झाला, लेखक झाला आणि मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ते शंकरराव खरात. १९८४ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'तराळ-अंतराळ'. बापाची पाळी आणि मुलाची झेप अशी त्या नावातच शेजारी शेजारी उभी आहेत.

आमचे चेंबूर तरी या हिशेबाबाहेर कसे असेल? कुर्ल्याहून येथे येणारा आगगाडीचा फाटा १९०६ साली घातला गेला तो मुंबईचा कचरा वाहून नेण्यासाठी. त्या रुळांवरून उतारूंनी जायला १९२४ साल लागले. म्हणजे कचऱ्याची पाळी आधी आली, माणसांची मागाहून. मग १९५४ आणि १९५५ साली पलीकडे माहुल-तुर्भ्याच्या बाजूला तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. असल्या भट्ट्या एकदा पेटल्या की सणावारालाही विझवता येत नाहीत. म्हणून माणसे पाळीने झोपतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी लक्ष्मीपूजनाच्या रात्री कामावर असले, तर त्यांच्या घरी पूजा दुपारीच उरकते. पण त्यांची रातपाळी फिरती असते. पुढे दुसऱ्यावर जाते. म्हणून ते कुरकुरतात, पण चिडत नाहीत. शाळेत आमचेही तसेच. गैरहजर शिक्षकाचा तास कोणी घ्यायचा याची पाळी फळ्यावर लागते. ती ओळीने गेली की कोणी बोलत नाही. नव्या मास्तरणीच्याच नावावर तिसऱ्यांदा आली की शिक्षकांच्या खोलीत शांतता पसरते.

राज्यकारभारातही पाळी आली. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत राखीव जागा फिरत्या केल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांसाठी निम्म्या जागा ठेवल्या. ज्या चावडीची पायरी चढताना आमच्या आजीने पदर पुढे ओढला असता, तेथे आज बाई सरपंच म्हणून बसते. दोष यातही आहे. पाच वर्षांत ती कारभार शिकते न शिकते तोच जागा फिरून दुसरीकडे जाते. तरीही ओळीबाहेर उभे राहिलेल्यांना ओळीत घेण्याचा याहून सोपा उपाय अजून सापडलेला नाही. बायकांनी मात्र तो आधीच शोधला होता. भिशीत पैसे सारखे, चिठ्ठी सर्वांची, आणि एकदा जिची निघाली तिची पुन्हा नाही.

एवढे सगळे टिपून झाल्यावर मी वही मिटली आणि आईचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. फडाचा निर्णय फडकरी बसून घेत. भिशीत प्रत्येकीची चिठ्ठी असते. आम्ही तिघे भाऊ ज्या संध्याकाळी कोष्टक मांडायला बसलो, ती संध्याकाळ मला लख्ख आठवली. दादा कागदावर रेघा ओढत होते, अण्णा महिने मोजत होते. आणि आई आत चहा करत होती. चहा घेऊन आली, कप ठेवले आणि परत गेली. जिच्या वर्षाची वाटणी चालली होती, तिला आम्ही बसायलासुद्धा सांगितले नाही. मोठ्या न्यायबुद्धीने आम्ही भार सारखा वाटला. आणि भार वाटतो आहोत, हे त्या माउलीला चहाच्या कपाबरोबर कळून चुकले.

त्या रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसलो. विचारले, "आई, तुला कधी कुठं राहावंसं वाटतं?"

तिला आधी प्रश्नच कळेना. "तुम्ही ठरवलंय ना," म्हणाली. मी पुन्हा विचारले. मग बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली आणि म्हणाली, "आखाजीला गावी असावंसं वाटतं रे. लेकीबाळी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. तुमचे अण्णा नाशकात पुरणपोळी आणतात, नाही असं नाही. पण झोका नसतो तिथं."

आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. ती वैशाखात येते, आणि आमच्या कोष्टकात वैशाख नाशिकचा! वडील गेल्यापासूनच्या सगळ्या आखाज्या तिने बिनतक्रार नाशकात काढल्या होत्या.

मी लगेच दादांना फोन लावला. ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "विचारायचंच राहिलं की रे आपलं!" अण्णांना थोडे लागले, आई आपल्याकडे सुखात नव्हती की काय, असे त्यांना वाटले. त्यांची समजूत घालायला दोन दिवस गेले. आता भाऊबिजेला सगळे येथे चेंबूरला जमणार आहेत. कागद, पेन्सिल आणि पंचांग तयार आहे. आमच्या हिने बजावले आहे की त्या दिवशी चहा मास्तरांनी करायचा आणि आईंनी मध्ये बसायचे.

कोष्टक कसे मांडले जाईल, मला माहीत नाही. आईने गावीच कायम राहायचे म्हटले तर चेंबूरची पाळी जाईल, आणि माझी मुले हिरमुसतील, मीही हिरमुसेन. पण तो प्रश्न आमचा झाला. सध्या ती खिडकीशी बसून नातीला विचारते आहे, की वैशाख यायला अजून किती महिने आहेत.