खटपट : बडोद्याची आणि मुंबईची

‘खटपट’ हा आपला घरगुती शब्द. मुलाच्या नोकरीसाठी, मुलीच्या लग्नासाठी तो आपण सहज वापरतो. परंतु १८५१ साली हाच शब्द बडोद्याहून इंग्रजी दप्तरात गेला, तो निराळ्या अर्थाने. पैसे चारून सरकारदरबारी वजन पाडणे, या उद्योगाला तेथे ‘खटपट’ म्हटले आहे.

त्या काळी बडोद्याची रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या हाताखाली होती. त्यामुळे बडोद्यातील मोठ्या तंट्यांची अखेरची आशा मुंबईच्या कौन्सिलावर असे, आणि तेथे द्रव्य पोहोचले की निकाल फिरतो अशी समजूत लोकांत घट्ट बसली होती. या समजुतीवरच मध्यस्थाचे दुकान चाले. साहेब त्याच्या ओळखीचा असण्याचीही गरज नव्हती; तसे पक्षकाराला वाटले म्हणजे पुरे. निकाल अनुकूल लागला तर तो मध्यस्थाचा पराक्रम. प्रतिकूल लागला तर विरुद्ध पक्षाने अधिक मोजले! असा निर्धास्त व्यापार दुसरा कोणता सांगावा?

रेसिडेंट जेम्स आउट्रम हा शिपाईगडी. मुत्सद्द्याचा संयम त्याच्यापाशी बेताचाच होता. हरिभक्ती या नामांकित पेढीच्या घराण्यातील विधवा जोइताबाई हिने पेढीचा कारभारी बाबा नफ्रा याच्याविरुद्ध दाद मागितली होती. पेढीजवळ पैसा, बाईजवळ केवळ तक्रार. आउट्रमने ते प्रकरण उचलून धरले. खुद्द रेसिडेन्सीतला एतद्देशीय कारभारी नरसोपंत याच्यावरही त्याने लाचखोरीचा ठपका ठेवला. १८५१ च्या ऑक्टोबरात त्याने खटपटीवरचा आपला अहवाल मुंबईस धाडला.

गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांच्या सरकारला अहवालाची भाषा झोंबली. आउट्रमला बडोद्याहून दूर करण्यात आले. मुंबईची अब्रू राखण्यासाठी केलेल्या या कृतीचा बडोद्याच्या बाजारात कोणता अर्थ लावला गेला असेल, हे श्रोत्यांनीच ताडावे. आउट्रमने विलायतेत जाऊन दाद मागितली. प्रकरणाचे कागद पार्लमेंटपुढे गेले. अखेर १८५४ साली डलहौसीने त्याला पुन्हा बडोद्यास पाठविले, आणि बडोद्याचा कारभार मुंबईकडून काढून हिंदुस्थान सरकारकडे घेण्यात आला.

मुक्काम बदलला, वाट मोडली नाही. मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीसाठी १८७५ मध्ये आयोग बसला, तेव्हा राजवाड्यातून रेसिडेन्सीच्या नोकरांना पैसे मिळाल्याच्या साक्षी झाल्या. त्यांत साहेबांच्या घरची आयाही होती.