सरकारी धीर आणि ब्रॅडफर्डचा मीट-पाय

इंग्लंडच्या उत्तर टोकाकडे ॲनिक नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनात ‘बार्टर बुक्स’ हे जुन्या पुस्तकांचं दुकान चालतं. २००० साली मालक स्टुअर्ट मॅनली लिलावात घेतलेला पुस्तकांचा खोका उपसत होते, तेव्हा त्यांच्या हाती घडी घातलेला एक लाल कागद लागला. वर राजमुकुट आणि खाली पाच शब्द : ‘कीप काम अँड कॅरी ऑन’. शांत राहा, आपलं काम चालू ठेवा. चौकटीत बसवून तो गल्ल्याजवळ लावला, गिऱ्हाइकं विचारू लागली, मग प्रती निघाल्या आणि पाहता पाहता ते शब्द कपांवरून, टी-शर्टांवरून जगभर गेले. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज जनतेनं याच शब्दांच्या आधारावर बॉम्बवर्षाव सोसला, असा समजही त्यांच्याबरोबर पसरला.

तो खरा नाही. युद्धकाळात हे भित्तिपत्रक जवळपास कुणी पाहिलंच नव्हतं.

१९३९च्या उन्हाळ्यात युद्ध दारात आलं होतं. विमानं शहरं बेचिराख करतील आणि लोक घाबरून सैरावैरा होतील, अशी धास्ती सरकारला वाटत होती. म्हणून माहिती मंत्रालयासाठी तीन भित्तिपत्रकं ठरली. दोन लगेच भिंतींवर चढली. तिसरं म्हणजे हे लाल. त्याच्या सुमारे साडेचोवीस लाख प्रती छापून झाल्या, पण खरोखरीचा मोठा हवाई हल्ला होईपर्यंत त्या राखून ठेवायच्या, असं ठरलं.

भिंतींवर चढलेल्यांपैकी एकाचा आशय असा होता : तुमचं धैर्य, तुमचा उत्साह, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. लोकांना हे झोंबलं. सोसायचं तुम्ही आणि जिंकायचं आम्ही, असाच त्याचा अर्थ लागत होता. सामान्यांचं बोलणं टिपून ठेवणाऱ्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेनं ही नाराजी नोंदवली, वृत्तपत्रांनीही ताशेरे ओढले. शिवाय पहिले काही महिने लंडनवर बॉम्ब पडलेच नाहीत, त्यामुळे हा उपदेश अधिकच अवेळी वाटला. पुढे कागदाची टंचाई आली आणि १९४०च्या एप्रिलपासून तिसऱ्या भित्तिपत्रकाचे गठ्ठे लगद्यासाठी जाऊ लागले. लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडायला लागले ते त्यानंतर, ७ सप्टेंबरला. ज्या दिवसांसाठी ते शब्द जपून ठेवले होते, ते दिवस आले तेव्हा शब्द उरले नव्हते.

कार्यालयात बसलेल्यांचा हेतू वाईट नव्हता. पण संकटात माणूस धीराचा शब्द ऐकतो तेव्हा बोलणारा कुठे उभा आहे, हे आधी पाहतो. मंत्रालयाचा शब्द वरून खाली आला होता. लोकांना लागले ते बरोबरीचे शब्द, आणि ते अगदी अनपेक्षित ठिकाणांहून आले.

१९३९च्या नाताळला सहाव्या जॉर्ज राजानं रेडिओवर भाषण केलं. तोतरेपणामुळे भाषण म्हणजे त्याला दिव्यच असे. शेवटी त्यानं एका कवितेच्या ओळी वाचल्या. अंधारात पाऊल टाकणाऱ्याला देवाचा हात धरायला सांगणाऱ्या त्या ओळी देशभर गाजल्या, पण त्या कुणाच्या हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. कवयित्री होत्या मिनी लुईझ हॅस्किन्स. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये शिकवणाऱ्या या बाई तरुणपणी मद्रासकडे मिशनरी होत्या. ती कविता त्यांनी १९०८ साली खासगीरीत्या छापली होती. म्हणजे तीसएक वर्षं ती कुणाच्या फारशी लक्षात नव्हती.

बॉम्बहल्ल्यांत दुकानांच्या काचा फुटल्या, भिंती ढासळल्या, तेव्हा दुकानदारांनी स्वतःच पाट्या रंगवल्या. ‘नेहमीपेक्षा जास्तच उघडे’ अशा अर्थाची पाटी त्यांतली सर्वांत गाजलेली. कुठल्याही मंत्रालयाला ती सुचली नसती, कारण ती लिहायला आधी आपल्या दुकानाची भिंत पडावी लागते.

आणि मग जे. बी. प्रीस्टली. यॉर्कशरच्या ब्रॅडफर्डचा हा कादंबरीकार पहिल्या महायुद्धात लढून जखमी झालेला होता. १९४०च्या जूनपासून रात्रीच्या बातम्यांनंतर तो बीबीसीवर ‘पोस्टस्क्रिप्ट्स’ ही छोटी भाषणं करू लागला. बीबीसीवर तेव्हा बहुतेक साहेबी वळणाचे आवाज ऐकू येत. याच्या बोलण्यात यॉर्कशरचा हेल होता. पहिल्या भाषणाचा विषय फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून ब्रिटिश सैन्यानं घेतलेली माघार, पण युद्धनौका बाजूला ठेवून तो बोलला ते सुट्टीतल्या पर्यटकांना फिरवणाऱ्या लहान बोटींबद्दल. सैनिकांना आणायला त्या गेल्या होत्या, त्यांतल्या काही परतल्या नाहीत.

सप्टेंबरअखेरचं त्याचं भाषण एका मीट-पायबद्दल होतं. मीट-पाय म्हणजे पिठाच्या पारीत मांसाचं सारण भरून भाजलेला पदार्थ. ब्रॅडफर्डच्या एका दुकानाच्या खिडकीत असा भलाथोरला पाय ठेवलेला असे, आणि त्यातून कायम वाफ येत असे. प्रीस्टलीनं तो लहानपणापासून पाहिला होता. ऑगस्टच्या शेवटी गावावर बॉम्ब पडले, तेव्हा तो मुद्दाम दुकान पाहायला गेला. खिडकीला फळ्या ठोकल्या होत्या, पण मधे एक फट ठेवली होती आणि आत पाय वाफाळतच होता. त्यानं हे रेडिओवर जसंच्या तसं सांगितलं. श्रोत्यांना शांत राहा म्हणून बजावण्याची त्याला गरजच पडली नाही.

युद्धानंतरही प्रीस्टलीनं पुष्कळ लिहिलं. तरी दोन दशकांनंतर उतारवयाचे पुरुष त्याचा हात हातात घेत आणि त्या पायवरच्या किंवा दुसऱ्या एका भाषणातल्या, तळ्यातल्या बदकांवरच्या दहा मिनिटांच्या बोलण्यानं आपल्याला काय दिलं, ते सांगत. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यानं हे नोंदवून ठेवलं आहे.