गोलफलकावर न दिसणारा माणूस : महेश गवळी

१/ ४ जुलै २०२३. बेंगळुरूचे श्री कंठीरवा क्रीडांगण. सॅफ अजिंक्यपद फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध कुवेत. निलंबनामुळे भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना मैदानाच्या कडेला उभे राहण्यास मनाई आहे. त्यांच्या जागी उभे आहेत गोव्याचे महेश गवळी, संघाचे साहाय्यक प्रशिक्षक. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/ मित्रहो, इतिहासाच्या वाचकाला एक अडचण नेहमीची आहे. १७६० मध्ये आपल्या उदगीरजवळ सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले, हे आपण पाठ करतो. पण त्या मोहिमेत पिछाडी कोणी सांभाळली, रसद कोणी राखली, हे किती जणांना सांगता येईल? जिंकणाऱ्याची नोंद होते, राखणाऱ्याची क्वचितच. फुटबॉलमध्ये बचावपटूची हीच गत आहे.

३/ मध्यबचावपटू ही जागाच मुळी एका नियमबदलातून आकाराला आली. १९२५ पर्यंत आक्रमक आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू नसतील, तर ऑफसाइड धरले जाई. त्या वर्षी तिनाचे दोन झाले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधील गोल एका हंगामात ४,७०० वरून ६,३७३ वर गेले.

४/ हा पूर थोपवण्यासाठी आर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतील एक खेळाडू मागे खेचून दोन बचावपटूंच्या मध्ये उभा केला. त्याचे काम एकच : काही घडू न देणे. पुढे गवळी ज्या जागेवर खेळले, तिचा उगम हा असा आहे.

५/ गवळी यांचा जन्म १९८० चा, गोव्यातला. खेळाडू म्हणून ते घडले जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्ता येथे आसियान क्लब स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी टेरो सासाना संघावर ३-१ अशी मात केली. त्या संघात गवळी होते. त्या विजयाची आठवण निघाली की आजही भुतिया आणि अल्विटो यांची नावे आधी येतात.

६/ नंतर ते गोव्यात परतले, धेंपो संघात. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ असे तीनदा आय-लीगचे विजेतेपद मिळवले. गवळी त्या काळातील धेंपोच्या बचावफळीचा कणा होते.

७/ राष्ट्रीय संघात बॉब हॉटन यांच्या काळात त्यांची पिढी आशिया चषकापर्यंत पोहोचली. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकातील विजयाने ते दार उघडले, आणि २०११ मध्ये भारत तब्बल २७ वर्षांनी दोहा येथे आशिया चषक खेळला. ऑस्ट्रेलिया ०-४, बहरीन २-५, दक्षिण कोरिया १-४. तीन सामन्यांत तेरा गोल स्वीकारले. अडवलेले हल्ले कोणी मोजले नाहीत. हे तेरा मात्र प्रत्येक नोंदवहीत आहेत.

८/ निवृत्तीनंतर गवळींनी जी वाट धरली, तीही अशीच. साहाय्यक प्रशिक्षक सराव घेतो, प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास करतो, खेळाडूंच्या चुका दुरुस्त करतो. विजय मात्र मुख्य प्रशिक्षकाच्या खात्यावर जमा होतो.

९/ २१ जून २०२३. पाकिस्तानविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर स्टिमॅक यांना लाल कार्ड मिळाले. भारत ४-० जिंकला. पुढचा नेपाळविरुद्धचा सामना गवळींनी सांभाळला, २-० असा विजय. २७ जूनला कुवेतविरुद्ध स्टिमॅक पुन्हा बाहेर. या वेळी दोन सामन्यांची बंदी.

१०/ त्याच सामन्यात अखेरच्या क्षणी बचावपटू अन्वर अली यांच्याकडून स्वयंगोल झाला आणि १-१ अशी बरोबरी झाली. बचावपटूचे नाव गोलांच्या रकान्यात आले, तेही असे!

११/ १ जुलै, उपान्त्य फेरी, समोर लेबनॉन. मुख्य प्रशिक्षक नाहीत. अनुभवी बचावपटू संदेश झिंगन हेही निलंबित. तरीही १२० मिनिटांत भारताने एकही गोल स्वीकारला नाही. पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-२ असा विजय. अंतिम सामन्यातही १२० मिनिटांनंतर १-१ अशी कोंडी. गुरप्रीत सिंग संधू यांनी निर्णायक फटका अडवला आणि ५-४ ने भारत नवव्यांदा विजेता ठरला.

१२/ जगाच्या फुटबॉलमध्येही असे दाखले आहेत. फेब्रुवारी १९५८ मधील म्युनिक विमान अपघातानंतर मॅट बझ्बी रुग्णालयात असताना मँचेस्टर युनायटेडला पुन्हा उभे केले ते त्यांचे साहाय्यक जिमी मर्फी यांनी. संघ त्याच मोसमात एफए चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. तरी त्या युगाला नाव मिळाले ते बझ्बींचेच.

१३/ २०२३ च्या विजेतेपदापुढेही प्रशिक्षक म्हणून स्टिमॅक यांचेच नाव आहे, आणि नियमाने ते योग्यच आहे. स्टिमॅक गेल्यावर मनोलो मार्केझ आले; गवळी पुन्हा साहाय्यकाच्याच जागी राहिले.

१४/ मुरुड-लातूर परिसरातील मैदानांनाही असे राखणदार लाभले असतील : बचावाला उभा राहणारा गडी, सकाळी सर्वांआधी येऊन चुन्याच्या रेषा आखणारे गुरुजी. ज्यांनी त्यांना पाहिले आहे, त्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि साल-महिन्यासह वहीत उतरवून ठेवा. ती नोंद दुसरे कोणी करणार नाही.