मैदानाबाहेरचे मास्तर

दिवाळीच्या सुट्टीत नगरला आलेला आमचा भाचा फराळाचे ताट बाजूला सारून संगणकावर फुटबॉलचा संघ सांभाळीत बसला होता. या खेळात चेंडूला पाय लावायचाच नाही. कोणाला खेळवायचे, कोठे उभे करायचे, एवढेच ठरवायचे! इंग्लंडात केव्हिन टॉम्सने १९८२ साली असला खेळ काढला.

मला मात्र हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम आठवले. पेशाने शिक्षक. (आम्हां मास्तरांना तेवढाच अभिमान.) त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वर्षे नेला. पण खरी कसोटी लागली ती १९६२ साली, जकार्ताच्या आशियाई क्रीडासामन्यांत. बचावाचा खांब जो जर्नेल सिंग, त्याच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्यालाच पुढच्या फळीत घातले! उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर पुन्हा एक. २-१ ने सुवर्णपदक आपले झाले.

"पण मामा, डाव फसला असता तर?" भाच्याने विचारले. त्याच्या यंत्रावर हरलेला सामना पुसून पुन्हा मांडता येतो. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. १९६३ च्या जूनमध्ये ते गेले.